घरी बांधलेला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर : दोषांचा शोध

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



१९४७ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत इंग्लंडमधील ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात डी. टी. एन. विल्यमसन या तरुण अभियंत्याचा एक लेख दोन भागांत प्रसिद्ध झाला. घरी संगीत ऐकण्यासाठी १५ वॅटचा उत्तम अँप्लिफायर कसा बांधावा, याचा तो आराखडा होता. महायुद्ध नुकतेच संपले होते, लष्कराचे शिलकी सुटे भाग बाजारात आले होते, आणि हौशी मंडळींनी तो आराखडा देशोदेशी उचलून धरला. पुढच्या दशकात मलार्ड कंपनीने ‘पाच-दहा’ नावाचा सुटसुटीत आराखडा दिला : व्हॉल्व्ह पाच, शक्ती १० वॅट. असे आराखडे एकत्र करून तिने १९५९ मध्ये पुस्तकही काढले. (अशा पुस्तकांतले नेमके आकृतीचे पान तेवढे फाडून नेणारे वाचक कोणत्याही ग्रंथपालाला अपरिचित नसतील!)

छापील आकृती निर्दोष असते. तिच्यावरून उभे राहिलेले यंत्र मात्र पहिल्याच दिवशी निर्दोष निघेल, असे क्वचितच घडते. ते गुणगुणते, कण्हते, फटफटते किंवा मुकेच राहते. अशा वेळी बांधणाऱ्याची पहिली शंका व्हॉल्व्हवर जाते. ते स्वाभाविक आहे, कारण साऱ्या यंत्रात डोळ्यांना दिसणारी आणि चटकन बदलता येणारी वस्तू तीच. पण बहुतेक वेळा व्हॉल्व्ह निरपराध असतो, आणि त्याच्यावर ठेवलेला हा खोटा आळ फार महाग पडतो.

व्हॉल्व्हचे कार्य थोडक्यात असे. निर्वात काचनळीत तापलेल्या कॅथोडमधून निघालेले इलेक्ट्रॉन ॲनोडकडे धावतात. वाटेतल्या जाळीवरचा, म्हणजे ग्रिडवरचा, अल्पसा विद्युतदाब त्या प्रवाहाला आवरतो किंवा सैल सोडतो. लहान संकेताने मोठा प्रवाह हलवायचा, एवढेच ते मर्म. मात्र त्यासाठी ॲनोडला मोठा दाब लागतो. ‘पाच-दहा’मध्ये तो ३०० व्होल्टच्या वर, तर विल्यमसनच्या यंत्रात ४५० व्होल्टच्या आसपास असतो. हा दाब प्राणघातक आहे. प्लग काढला की धोका टळला, ही समजूत तर त्याहून घातक, कारण गाळणीचे कंडेन्सर वीज बंद झाल्यावरही भार धरून बसतात. म्हणून यंत्र उलथे करण्यापूर्वी ते कंडेन्सर योग्य रोधातून रिकामे करावेत, मीटरने खात्री करावी, आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजावे. रिकामा केलेला कंडेन्सर काही व्होल्ट परत उभे करतो. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून तो रिकामा करण्याची रीत शौर्याची वाटली, तरी ती टाकून द्यावी.

पहिल्यांदा वीज देताना जुन्या रेडिओ-दुरुस्तीवाल्यांचा ‘सिरीज बल्ब’ फार उपयोगी पडतो. वीजपुरवठ्याच्या वाटेत ६० किंवा १०० वॅटचा तारेचा दिवा जोडावा. तो क्षणभर उजळून मंदावला तर ठीक; लख्ख जळत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे आणि सारा भार दिव्याने स्वतःवर घेतला आहे. हल्लीचा एल.ई.डी. दिवा या कामी निरुपयोगी. ध्यानात एवढेच ठेवावे की, दिवा वाटेत असताना यंत्रातले सर्व दाब कमी भरतात. आकृतीवरच्या आकड्यांशी ताडून पाहण्याची वेळ तो काढल्यानंतरची.

आता गुणगुण. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची, म्हणून गुणगुणही दोन जातींची : ५० ची आणि १०० ची. दुसरी पहिलीपेक्षा बरोबर एक सप्तक वर असते, आणि तंबोऱ्याच्या खर्जाला सरावलेल्या कानाला हा भेद उपकरणाविना कळतो. १०० ची गुणगुण बहुधा वीजपुरवठ्यातून येते : गाळणीचा कंडेन्सर सुकलेला असतो किंवा शेवटच्या दोन व्हॉल्व्हचा तोल जमलेला नसतो. ५० ची असेल तर नजर फिलामेंटच्या तारांकडे वळवावी. त्या एकमेकींना पीळ घालून चॅसीलगत नेल्या आहेत का? त्यांचा मध्यबिंदू अर्थला जोडला आहे का? घरी बांधलेल्या यंत्रात हा एक जोड विसरला जाणे नित्याचेच.

गुणगुण कोणत्या पायरीवर शिरते हे शोधण्यासाठी पहिल्यापासून एकेक व्हॉल्व्ह काढून ऐकावे, असा सरसकट सल्ला दिला जातो. तो या दोन्ही आराखड्यांत धोक्याचा आहे. येथे पहिल्या व्हॉल्व्हचा ॲनोड दुसऱ्याच्या ग्रिडला थेट जोडलेला असतो. पहिला काढला की दुसऱ्याच्या ग्रिडवर जवळजवळ सगळा उच्च दाब चढतो, आणि शोधाच्या नादात एक चांगला व्हॉल्व्ह हकनाक जातो. त्याऐवजी ६०० व्होल्ट सोसणारा लहान कंडेन्सर घेऊन त्यातून एकेक ग्रिड अर्थला टेकवावा. जिथे गुणगुण थांबते, तिथे किंवा तिच्या मागे दोष आहे. जिथे थांबत नाही, तिथे तो पुढे आहे.

याहून गंभीर दोष मात्र गुपचूप येतो. अर्धा तास सुरेल वाजल्यावर एका ई.एल. ८४ व्हॉल्व्हची ॲनोड-पट्टी अंधारात लालसर दिसू लागते. बांधणारा तो व्हॉल्व्ह बाद ठरवून नवा आणतो. काही दिवसांत नवाही लाल होतो. खरा अपराधी असतो त्याच्या अलीकडचा जोड-कंडेन्सर. त्याने आधीच्या ॲनोडचा उच्च दाब अडवून फक्त संकेत पुढे सोडायचा असतो. जुन्या बाजारातून स्वस्तात आणलेला कागदी कंडेन्सर झिरपू लागतो, ग्रिड धन होते, आणि व्हॉल्व्हवरचा लगाम सुटतो.

याची परीक्षा सोपी आहे. कॅथोडखालचा रोध २७० ओहमचा. त्यावर १० व्होल्ट मिळाले तर प्रवाह ३७ मिलिॲम्पियर, आणि तो मर्यादेत बसतो. तेथे १६ व्होल्ट मिळाले तर प्रवाह ५९ मिलिॲम्पियर. ३०० व्होल्टला ही उष्णता १७ वॅटच्या वर जाते, तर ई.एल. ८४ च्या ॲनोडची सहनशक्ती १२ वॅटची. आता ग्रिडवर पाहावे. तेथे शून्य हवे. एक-दोन व्होल्ट धन दिसले, तर वीज बंद करून तेवढा व्हॉल्व्ह काढावा आणि थोड्याच वेळापुरती वीज देऊन रिकाम्या सॉकेटवर पुन्हा मोजावे. दाब तसाच राहिला तर कंडेन्सर दोषी. नाहीसा झाला तर दोष खरोखरच व्हॉल्व्हचा. मीटर उच्च रोधाचा असावा. स्वस्त काट्याचा मीटर ग्रिडलाच ओढून धरतो आणि दोष लपवतो.

हे दुर्लक्षिले तर व्हॉल्व्हच्या पाठोपाठ बळी पडतो तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्ह आजही मिळतात. रशियात आणि स्लोव्हाकियात ई.एल. ८४ अजून तयार होतो. पण थर-थर आलटूनपालटून गुंडाळलेला तो ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळून देणारा कारागीर सहजी सापडत नाही.

राहता राहिली ती पहिल्याच क्षणी उठणारी कर्कश किंकाळी. १९२७ मध्ये हॅरल्ड ब्लॅक हा अमेरिकन अभियंता होडीतून कामावर जात असता त्याला ऋण प्रतिभरणाची कल्पना सुचली आणि त्याने ती हातातल्या वर्तमानपत्रावर टिपून ठेवली. बाहेर पडणाऱ्या संकेताचा अंश उलटा करून आत परत घालायचा, म्हणजे यंत्राने घातलेली भर आपोआप वजा होते. परंतु ट्रान्सफॉर्मरची टोके उलट जोडली गेली की तोच अंश सुलट होऊन आत येतो, आणि यंत्र किंचाळते. म्हणून पहिली चाचणी प्रतिभरणाची तार सोडवून करावी. मग ती जोडल्यावर आवाज कमी झाला तर जोडणी बरोबर. किंकाळी उठली तर तत्काळ वीज बंद करून दोन्ही ॲनोडच्या तारांची अदलाबदल करावी. ही चाचणी आवडत्या लाउडस्पीकरवर करू नये. आठ-दहा वॅट सोसणारा रोध त्याच्या जागी लावावा. काहीच न लावता संकेत देणे तर सर्वांत वाईट, कारण तेव्हा ट्रान्सफॉर्मरच्या आत ठिणगी पडू शकते.

टोके बरोबर असूनही यंत्र मोटारबोटीसारखे फटफटत असेल, तर संशय ट्रान्सफॉर्मरच्या प्रतीवर घ्यावा. विल्यमसनने त्याविषयी इतके काटेकोर मोजमाप दिले होते ते उगाच नव्हे. अनेकांनी तेवढे एक पान वगळून स्वस्तातला लावला, आणि मग दोष आराखड्याला दिला.

यंत्र तासभर शांतपणे वाजल्यावर प्रत्येक व्हॉल्व्हच्या कॅथोडचा, ॲनोडचा आणि ग्रिडचा दाब कागदावर उतरवून, तारीख घालून, तो कागद चॅसीच्या तळपत्र्याला आतून चिकटवावा. पुढे कधी पट्टी लाल दिसली, तर त्या आकड्यांशेजारी नवे आकडे लिहायचे आणि ज्या पायरीवर ते जुळत नाहीत, तिथून शोधाला लागायचे.