परसबागेचे अनुदान आणि गावाचा वाटा



शेजारच्या कराड तालुक्यातील काले या गावी १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. श्रम आणि विद्या यांची फारकत होऊ नये, हा त्यांचा आग्रह होता. शाळेची परसबाग हा त्याच विचाराचा अंकुर होय.

शालेय पोषण आहाराला जोडून केंद्र शासनाने २०१९ मध्ये परसबागांविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या आणि बियाणे, अवजारे व खत यांसाठी प्रत्येक बागेमागे सरासरी ५,००० रुपयांची तरतूद ठेवली. या रकमेतून बाग सुरू होते. ती टिकवणे मात्र गावाच्या हाती आहे. पाटणच्या डोंगरउतारावर पावसाळ्यात माती वाहून जाते, म्हणून वाफे उताराला आडवे हवेत. खरी कसोटी मे महिन्यात लागते. शाळेला सुटी असते, पाणी आटलेले असते आणि वर्षभर जोपासलेला शेवगा वाळू लागतो.

वाफ्याचे क्षेत्रफळ काढणारा, उगवलेले बी मोजणारा आणि आपण पिकवलेली मेथी पंगतीत खाणारा विद्यार्थी पुस्तकाबाहेरचा धडा शिकतो. तो धडा सुटीत करपू नये, म्हणून मे महिन्यात पाणी कोण घालणार, हे ग्रामसभेने आजच ठरवावे, एवढीच विनंती.