दीडपट, पण कशाच्या?

(सोलापूर जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



खोटं बोलणारा कधीतरी सापडतो. खरं बोलून फसवणाऱ्याला कसं पकडायचं, एवढंच आज बोलायचं आहे.

१ फेब्रुवारी २०१८ ला अर्थमंत्री अरुण जेटली यांनी अर्थसंकल्पात सांगितलं, खरिपाला उत्पादनखर्चाच्या किमान दीडपट हमीभाव देऊ. ४ जुलैला आकडे आले. मध्यम धाग्याचा कापूस ५,१५० रुपये क्विंटल, खर्च ३,४३३. संकरित ज्वारी २,४३०, खर्च १,६१९. भागाकार करा, दीडपट बरोबर येते. एक अक्षर खोटं नाही.

पण खर्च कोणता? तक्त्याखाली बारीक टीप होती. बी, खत, औषध, मजुरी असा प्रत्यक्ष झालेला खर्च आणि घरच्यांच्या कष्टाची मजुरी, एवढंच धरलेलं. याला ए-टू अधिक एफएल म्हणतात. आपल्या मालकीच्या जमिनीचा खंड त्यात नाही, विहिरी-अवजारांत घातलेल्या स्वतःच्या पैशाचं व्याज नाही. ते धरून होतो तो सी-टू खर्च. तोही सरकारच्याच कृषिमूल्य आयोगाने काढलेला: कापूस ४,५१४, ज्वारी २,१८३. कापसाची दीडपट ६,७७१ होते. क्विंटलमागे १,६२१ रुपये त्या टिपेत गडप!

कोणी म्हणेल, टीप छापली होती ना? होती. धर्मराजानेही 'अश्वत्थामा मेला' हे मोठ्याने सांगितलं आणि 'हत्ती' हळूच पुटपुटला. द्रोणाचार्यांनी काय समजावं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. माझ्या मते फसवणूक तिथेच झाली. ऐकणारा काय समजणार हे ओळखून त्याला तसंच समजू देणं, मग शब्द कितीही खरे असोत.

अमेरिकेत हार्वर्डच्या टॉड रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला. असं बोलणाऱ्याला वाटतं, खोटं बोलण्यापेक्षा हे बरं. फसलेल्याला मात्र ते जवळजवळ खोट्याइतकंच लागतं. मन साफ राहतं म्हणून माणूस हे पुन्हा पुन्हा करतो. आणि फसलेला? 'मीच नीट विचारलं नाही' म्हणत घरी जातो.

आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. सांगोल्याच्या बाजारात गाय विकताना 'आज सकाळी आठ लिटर काढलं' म्हणणारा खरंच बोलतो. आदल्या संध्याकाळची धार काढलीच नव्हती, हे तो सांगत नाही. घेणाराही आपल्यातलाच कोरडवाहू शेतकरी असतो, कर्ज काढून आलेला. याला हुशारी म्हणायचं सोडा, मग सरकारला जाब विचारताना आवाज चढेल.

दुकानदार सांगतो, या वाणाचा एकरी बारा क्विंटल कापूस निघाला. विचारा, कुणाच्या रानात? पाण्याखाली की कोरडवाहू? किती वर्षांतून एकदा?

आणि 'हमीभाव जाहीर झाला' हेही खरंच वाक्य आहे. आपल्या तालुक्यात खरेदी केंद्र कोणत्या तारखेला उघडणार, माल किती घेणार, पैसे किती दिवसांत देणार, हे त्यात नसतं. तहसीलदारांकडे जाल तेव्हा हे तीन प्रश्न लेखी न्या, आणि उत्तरही लेखीच घ्या.