मोपेड उभ्याने का बंद पडते?

सायकलीला लहानसे इंजिन जोडून पायांचे श्रम वाचवावेत, ही कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात पेट्रोल आणि पैसा या दोहोंची चणचण होती, तेव्हा तिला खरा बहर आला. फ्रान्समधील व्हेलोसोलेक्स १९४६ मध्ये बाजारात आली, आणि पुढे इटलीने ‘चाओ’सारखी हलकी वाहने घडविली. याच ‘चाओ’च्या परवान्यावर हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंग कंपनीने १९७२ साली ‘लूना’ काढली. पन्नास घनसेंटिमीटरचे दोन फटक्यांचे इंजिन, गिअर नाही, आणि जोडीला सायकलीसारखे पायडल, असे तिचे साधे रूप होते. शिक्षक, पोस्टमन, दूधवाले आणि भाजीविक्रेते यांच्या संसाराला तिने मोठा हातभार लावला.

तिची निर्मिती थांबून बराच काळ लोटला आहे. तथापि अशी हलकी वाहने जपून ठेवणारे लोक खेडोपाडी आढळतात. गोंदियाहून बालाघाटकडे जाताना बाघ नदी ओलांडली की मध्य प्रदेशाच्या हद्दीत राजेगाव लागते. अशा सीमेवरच्या गावातून धानाच्या बांध्यांमधून वाट काढीत बाजारापर्यंत जाणाऱ्या माणसाला जुन्या मोपेडचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. त्याची नेहमीची तक्रार एकच असते: गाडी धावते छान, पण थांबली की बंद पडते. मिस्त्रींच्या भाषेत, गाडी ‘स्लो’वर उभी राहत नाही.

यावरचा सर्वांना ठाऊक असलेला उपाय म्हणजे कार्बोरेटरचा स्क्रू पिळणे. स्क्रू आत घेतला की रेस वाढते, गाडी बंद पडत नाही, आणि मालक समाधानाने घरी जातो. हे समाधान पुष्कळदा महागात पडते. लूनासारख्या गाडीचा क्लच आपोआप चालणारा असतो. इंजिनाचा वेग वाढला की क्लचचे शू बाहेर फेकले जातात आणि चाकाला गती मिळते. उभ्या गाडीची रेस वाढवून ठेवली, तर क्लच नको तेव्हा पकड घेतो. ब्रेक सुटताच गाडी पुढे सरकते. अंगणात मूल खेळत असेल तर हा प्रसंग भयंकर होऊ शकतो. दुसरा धोका याहून छुपा आहे. मूळ दोष तसाच राहतो, फक्त त्याची खूण झाकली जाते.

ही खूण मंद गतीतच का दिसावी, याचे कारण सोपे आहे. भरल्या विहिरीतून एक घागर उपसली तर कळतही नाही. आटलेल्या विहिरीत तीच घागर तळ दाखविते. पूर्ण वेगात इंजिन भरपूर हवा आणि पेट्रोल ओढीत असते, तेव्हा एखाद्या फटीतून शिरणारी थोडी हवा त्याच्या हिशेबात येत नाही. मंद गतीत मात्र एकूण मिश्रणच इतके अल्प असते, की तेवढ्याच हवेने त्याचे प्रमाण बिघडते. शिवाय मॅग्नेटोची ठिणगी इंजिनाच्या वेगावर अवलंबून असते. वेग उतरला की तीही दुबळी होते. म्हणून इंजिनातले सारे लहान दोष येथे एकदम उघडे पडतात.

तेव्हा पाना हाती घेण्यापूर्वी लक्षणे पाहावीत. गाडी काही अंतर चालून बंद पडते आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते काय? मग टाकीच्या झाकणातले बारीक छिद्र बुजले आहे का, ते पाहावे. हवा आत न आल्यास पेट्रोल खाली उतरत नाही. मूठ सोडल्यावरही रेस चढलेलीच राहते काय? मग एक्सिलेटरची वायर अडकली असेल, किंवा कोठून तरी परकी हवा आत जात असेल. हँडल वळविताच आवाज बदलला, तर वायर ताणलेली आहे असे समजावे. दाट धूर, जड आवाज आणि काळाकुट्ट ओला प्लग, ही मिश्रणात पेट्रोल जास्त असल्याची चिन्हे होत. मळणीच्या धुळीने एअर फिल्टर बुजला म्हणजे हे हमखास घडते. चोक अडकून राहिला असल्यासही तसेच होते. प्लग पांढरा पडला असेल, तर पेट्रोल कमी पडत आहे. निरोगी प्लगचा रंग तपकिरी असतो. त्याच्या दोन टोकांत साधारण अर्धा मिलिमीटर अंतर असावे. खरे माप उत्पादकाच्या पुस्तिकेतले घ्यावे.

यानंतर पेट्रोलची वाट तपासावी. कॉकची जाळी आणि कार्बोरेटरची वाटी साफ करावी. जेटच्या छिद्रातून हवा मारावी. तार घालून ते कोरू नये, कारण छिद्र किंचित रुंद झाले तरी कायमचे बिघडते. जुन्या गाड्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. २०२३ पासून भारतात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकले जाऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र पसरले. इथेनॉल पाणी शोषून घेते. पावसाळ्यात गाडी महिनाभर पडून राहिली, तर टाकीच्या तळाशी पाणी साचू शकते. जुन्या रबरी नळ्या आणि वॉशरही त्याने खराब होतात. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने त्याच जेटमधून जाणारे मिश्रण पूर्वीपेक्षा विरळ ठरते. म्हणून पडून राहिलेले पेट्रोल काढून टाकून ताजे भरणे, हा पहिला आणि स्वस्त उपाय आहे.

आता राहिली परकी हवा. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधील पॅकिंग फाटले किंवा बोल्ट ढिले झाले, की हवा तेथून शिरते. इंजिन मंद चालू असताना त्या सांध्यावर पातळ तेलाचे चार थेंब सोडावेत. आवाज बदलला तर गळती तेथेच आहे. या कामी पेट्रोल कधीही वापरू नये. दोन फटक्यांच्या इंजिनात मिश्रण आधी क्रँकच्या पेटीत येते, म्हणून मॅग्नेटोकडील ऑइल सील झिजले तरी हेच दुखणे उद्भवते. हा दोष सर्वांत गंभीर मानावा. या इंजिनाला वंगण पेट्रोलातूनच मिळते. विरळ मिश्रणाने पिस्टन अधिक तापतो आणि त्याच वेळी त्याला तेल कमी पोचते. अखेर तो सिलिंडरमध्ये जखडतो. ज्याने स्क्रू पिळून आवाज सुधारला, त्याला ही सूचना मिळालेली असते, पण ती त्याने ऐकलेली नसते. काही रुपयांच्या सीलऐवजी मग सिलिंडर आणि पिस्टन यांचा खर्च अंगावर येतो.

प्लग, सी. बी. पॉइंट आणि सायलेन्सरमधील काजळी यांची साफसफाई झाल्यावरच स्क्रूकडे वळावे. गाडी स्टँडवर घ्यावी आणि इंजिन नीट तापू द्यावे. हे काम उघड्यावर करावे, कारण बंद खोलीत धुरातला विषारी वायू जीव घेऊ शकतो. हवेचा वेगळा स्क्रू असेल, तर तो सावकाश फिरवून आवाज सर्वांत सलग होईल तेथे ठेवावा. नसेल, तर स्वच्छ जेटवरच भिस्त ठेवावी. मग रेसचा स्क्रू हळूहळू बाहेर घ्यावा. इंजिन सलग चालावे, पण मागचे चाक फिरू नये, ही योग्य मर्यादा होय.

‘लूना’ हे नाव फेब्रुवारी २०२४ मध्ये विजेवर चालणाऱ्या गाडीच्या रूपाने पुन्हा बाजारात आले. ती थांबली की तिची मोटारही थांबते, म्हणून हे दुखणे तिला नाही. परंतु ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे, त्यांना अजून बराच काळ इंजिनाचा आवाज ऐकावा लागणार आहे. तो मंदावला, अडखळला, तर आधी कारण शोधावे. स्क्रू पिळण्याचा क्रम शेवटचा.