कच्चा कागद टाकू नका



दहावीच्या मुलाला ‘काय व्हायचंय?’ असं विचारलं, की उत्तर बहुधा घरात आधीच ठरलेलं असतं. त्यात त्याची चूक नाही. स्वतःबद्दल सांगायला त्याच्याजवळ गुणपत्रिकेखेरीज असतं काय?

खरं तर मुलांना स्वतःबद्दल सांगता येईल अशी सोय झालेली आहे. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्याच्या साधनांत स्वयंमूल्यमापन आहे, वर्णनात्मक नोंदी आहेत. पण नोंदी लिहितात शिक्षक, आणि पट मोठा असला की तयार याद्यांमधून वाक्यं उतरवली जातात. ‘उपक्रमात आवडीने सहभागी होतो.’ कोण? कुणीही! २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातल्या समग्र प्रगतिपत्रकातही मुलांनी स्वतःचं मूल्यमापन करावं असं म्हटलंय. तिथं तरी लेखणी मुलांच्या हाती राहो.

अमेरिकेत पिट्सबर्गच्या शाळांमध्ये १९८० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘प्रोजेक्ट झिरो’ने एक प्रयोग केला. मुलांनी आपली चित्रं, लेखन, संगीतातलं काम फाईलमध्ये ठेवायचं. पण नुसतं सुबक काम नव्हे. कच्चे आराखडे, फसलेले प्रयत्न आणि त्यांवरचं स्वतःचं म्हणणंही ठेवायचं. मला यातला कच्चा कागद सगळ्यात मोलाचा वाटतो. आपल्याकडे तो रद्दीत जातो आणि फाईलला मात्र रंगीत कव्हर लागतं.

समजा, आठवीतल्या मुलीने आठवडी बाजारावर निबंध लिहिला. सोबत चिठ्ठी जोडली: ‘पहिला निबंध गाइडातल्यासारखा झाला. मग भाजीवाल्या मावशींना भाव कसा ठरवता ते विचारलं.’ पुढे विज्ञानाच्या प्रकल्पात ती अडली, तेव्हा बोअरवाल्या काकांकडे गेली. इतिहासाच्या वेळी आजोबांना बोलतं केलं. मार्क म्हणतील, भाषा बरी, विज्ञान साधारण. चिठ्ठ्या शेजारी शेजारी मांडल्या, की तिचं तिलाच दिसतं: माणसांशी बोलून माहिती काढणं आपल्याला जमतं, आवडतं. हे बळ कुठल्याच एका विषयाचं नाही, म्हणून गुणपत्रिकेत त्याला जागा नाही. आणि उद्या ती पत्रकार होईल, परिचारिका होईल की शेतीखात्यात जाईल, हे आजच ठरवायची घाई कशाला?

या चिठ्ठ्यांना गुण मात्र देऊ नयेत. दिलेत, तर बाईंना काय आवडेल तेच मुलं लिहितील. महिन्याला एक कागद पुरे. पालकसभेत मुलानेच फाईल उघडून दहा मिनिटं बोलावं. शेवटी कुणी विचारेलच, ‘ते ठीक आहे, पण मार्क किती पडले?’ विचारू दे. तेही सांगावेत.