चार रुपयांची वाट
(वार्षिक संमेलनातील भाषण)



१९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. त्याच कार्यातून पुढे आलेली ‘अंगणवाडी’ १९७५ साली शासनाच्या एकात्मिक बालविकास योजनेचा आधार झाली. २०१७ साली बालकाच्या पूरक आहारासाठी दररोज ८ रुपये, तीव्र कुपोषित बालकासाठी १२ रुपये असा दर ठरला. हे चार अधिक रुपये कोणाच्या हाती पडत नाहीत. ते मुलाच्या ताटात पडावयाचे असतात.

परंतु ताटापर्यंतची वाट कागदांची आहे. आपल्या भिवंडीत मागावर राबणारे कुटुंब खोली बदलते, हंगामात गावी जाते, आणि मूल नोंदीतून निसटते. गतवर्षी कांड्या भरणाऱ्या एका मातेसोबत मी गेलो होतो. सेविकाताईंनी मुलास मायेने तोलले. नोंद मात्र तीन खेपांतही पुरी झाली नाही. माता म्हणाली, “दादा, एका खेपेला अर्धा रोज बुडतो.” चार रुपयांसाठी अर्धा रोज! मी निरुत्तर झालो.

दोष एकट्या सेविकेचा नव्हे. म्हणून माझी विनंती इतकीच, की आपल्या प्रत्येक सुशिक्षित तरुणाने एका कुटुंबाचे कागद पुरे करून द्यावेत. आणि त्या मुलाची जात विचारू नये.