जुन्या शाळेचे वायरिंग



पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. अशा तालुक्यातील एखाद्या जुन्या शाळेत लाकडी पट्टीवर खिळलेली काळवंडलेली वायर अजूनही दृष्टीस पडावी. ती बसविली गेली तेव्हा वर्गात चार दिवे लागत. आता त्याच वायरीवर पंखे, संगणक आणि पाणी शुद्ध करणारे यंत्र यांचा भार आहे. ६० वॅटचे चार दिवे सुमारे १ अँपिअर प्रवाह घेतात. पाणी तापविणारी १५०० वॅटची सळई साडेसहा. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने त्याच वायरीत ती सुमारे ४० पट होते. आवरण तर वयोमानाने ठिसूळ झालेलेच असते. फ्यूज वारंवार जातो म्हणून कोणी तरी तेथे तांब्याची जाड तार बांधतो. तक्रार मिटते, राखणदार मात्र नाहीसा होतो.

दुरुस्तीला प्रारंभ नव्या वायरीच्या खरेदीने होऊ नये. परवानाधारक वायरमनने मेन स्विच बंद करून, प्रवाह नसल्याची टेस्टरने खात्री करून, कोणती वायर कोठून कोठे जाते हे बॅटरी व लहान दिव्याच्या साहाय्याने शोधावे, प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधावी आणि सर्व कागदावर उतरवावे. हे काम कंटाळवाणे खरे, पण खरे दोष येथेच सापडतात. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसविलेले असते, त्यामुळे दिवा विझला तरी होल्डरमध्ये वीज राहते. सॉकेटला तीन भोके असतात, पण अर्थिंगची तार मागे जोडलेलीच नसते. पाणी पिण्यासाठी यंत्राच्या लोखंडी अंगाला हात लावणाऱ्या मुलाला यातले काय कळणार?

अर्थिंगची अडचण या कपाशीच्या मुलखात विशेष आहे. काळी जमीन उन्हाळ्यात आकसते, भेगाळते. खड्ड्यातील ओल जाते आणि प्लेटचा मातीशी संबंध सैल होतो. म्हणून पावसाळ्यातील मापावर विसंबू नये. माप मे महिन्यात घ्यावे, खड्ड्यात नियमित पाणी घालण्याचे काम एका ठरावीक व्यक्तीकडे सोपवावे. विदर्भातील शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडतात, तेव्हा भिंती ओलावू लागलेल्या असतात. तत्पूर्वी ३० मिलिअँपिअर गळतीला प्रवाह तोडणारे आरसीसीबी बसलेले असावे. नकाशाची एक प्रत मेन स्विचशेजारी लावावी, दुसरी शाळेच्या दप्तरी ठेवावी.