सोन्याचा शोध आणि तारेचे वेटोळे



विहिरीवरची मोटार बिघडली की दुकानदार आपल्याला एक प्रश्न हमखास विचारतो : सुटा भाग कंपनीचा हवा, की बाहेरचा चालेल? बाहेरचा स्वस्त पडतो, कधी कंपनीच्या भागापेक्षा सरसही निघतो. आणि कधी, काय सांगावे, सगळी मोटारच घेऊन बसतो! नेमका हाच प्रश्न ऑस्ट्रेलियात सोने शोधणाऱ्या माणसांपुढे असतो. त्यांच्या यंत्राचा जो भाग बदलायचा असतो, तो म्हणजे तांब्याच्या तारेचे एक वेटोळे. तिकडे त्याला कॉइल म्हणतात. आपणही तेच म्हणू.

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेयेला व्हिक्टोरिया नावाचे राज्य आहे. १८५१ साली तेथे सोने सापडल्याची बातमी फुटली आणि देशोदेशीची माणसे लोटली. १८६९ साली मोलियागुल येथे जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना झाडाच्या मुळांपाशी, मातीच्या अगदी पातळ थराखाली, सत्तर किलोंच्या आसपास सोने असलेला एकच गोळा मिळाला. पुढे ती धामधूम ओसरली, पण सोने संपले नव्हते. कुदळीला डोळे नसतात. तिच्या घावाच्या वीतभर बाजूला राहिलेले सोने तसेच राहिले. १९८० साली किंगोवर गावाजवळ केव्हिन हिलियर यांना धातुशोधक यंत्राने सत्तावीस किलोंचा गोळा सापडला, तेव्हा सगळ्यांनी मान्य केले की जमीन अजून बोलते आहे, ऐकणारा कान मात्र हवा.

तो कान म्हणजे कॉइल. दांड्याच्या टोकाला जी चपटी चकती दिसते, तिच्या पोटात ही तार गुंडाळलेली असते. यंत्र तारेतून विजेचा झटका सोडते आणि एकदम तोडते. त्यामुळे जमिनीत चुंबकीय क्षेत्र उभे राहते आणि कोसळते. १८३१ साली फॅरडे यांनी दाखवून दिले होते, की बदलते चुंबकीय क्षेत्र वीज निर्माण करते. त्या नियमाने मातीतल्या सोन्याच्या दाण्यात क्षणभर वीज भोवऱ्यासारखी फिरते आणि स्वतःचे इवलेसे चुंबकीय क्षेत्र उठवते. कॉइल ते टिपते आणि कानात सूर उमटतो.

आता कोणी म्हणेल, मग घ्या की भली मोठी कॉइल, खोलवरचे सोने मिळेल! इथेच पुष्कळांचे पैसे बुडतात. नीट ऐका. तितकेच वेढे आणि तितकाच प्रवाह ठेवून कॉइलचा व्यास दुप्पट केला, तर तिच्या मध्याशी क्षेत्र निम्मे होते. ऐकण्याची ताकदही तिथे निम्मीच. म्हणजे जवळच्या बारीक दाण्याचा आवाज चौथाईवर आला. शिवाय मोठी कॉइल माती जास्त बघते, आणि व्हिक्टोरियाच्या लोहमिश्रित तांबड्या मातीत ती मातीच गोंगाट करते. मोठ्या कॉइलचा फायदा होतो तो खोल असलेल्या मोठ्या गोळ्यासाठी. त्यालाही मर्यादा आहे. कॉइलच्या आकाराच्या मानाने दाणा बराच दूर असेल, तर अंतर दुप्पट झाल्यावर त्याचा आवाज निम्मा होत नाही, चौसष्टावा हिस्सा उरतो!

आपल्या घरात पिठाची चाळण वेगळी आणि गव्हाची वेगळी. कॉइलचेही तसेच. आठ इंची कॉइल झुडपांतून, दगडांच्या फटीतून फिरते आणि जोंधळ्याएवढे सोने टिपते. सतरा-अठरा इंची कॉइल मोकळ्या रानासाठी. पण ती दिवसभर झुलवली की संध्याकाळी खांदा तक्रार करतो. एकाच वेटोळ्याने बोलायचे आणि ऐकायचे, ती मोनो कॉइल. ती तिखट असते. इंग्रजी 'डी' अक्षरासारखी दोन वेटोळी एकमेकांवर थोडी चढवलेली, ती डबल-डी. ती थोडी कमी खोल जाते, पण खट्याळ मातीत शांत राहते.

यंत्राबरोबर एखाद-दुसरीच कॉइल येते. म्हणून बाहेरचे कारागीर पुढे आले. ॲडलेड शहरात १९८५ साली सुरू झालेल्या माइनलॅब कंपनीची यंत्रे तिकडे घरोघर झाली, आणि त्यांना जोडायच्या कॉइल व्हिक्टोरियातल्याच मेरीबरो गावची कॉइलटेक कंपनी बनवू लागली. सोन्याच्या रानातच राहणाऱ्या माणसांनी बनवलेली वस्तू! कोणी तार सपाट गुंडाळली, कोणी सुट्या बारीक धाग्यांची पीळदार तार वापरली, कोणी चकतीचे वजन उतरवले. लोकांनी पिंजून काढलेल्या जमिनीत वेगळ्या कॉइलने पुन्हा सोने मिळाले. जमीन तीच, यंत्र तेच. कान तेवढा बदलला.

पण काही नव्या यंत्रांत एक कुलूप आले आहे. कॉइलच्या जोडणीत ओळखीची चिप असते. ती नसेल तर यंत्र कॉइल स्वीकारतच नाही. कंपनी म्हणते, वाईट कॉइलने यंत्र बिघडेल आणि नाव आमचे जाईल. विकत घेणारा म्हणतो, यंत्र माझे, पैसा माझा, मग कान कोणता लावायचा हे तुम्ही का ठरवता? काही जणांनी तर मूळ कॉइलची वायर कापून चिप बाहेरच्या कॉइलला जोडली आणि हमीवर पाणी सोडले. अशा यंत्रांसाठी परवान्याने बनवलेल्या बाहेरच्या कॉइलही मिळतात. मला हा मार्ग बरा वाटतो. मात्र परवाना देणारा हात सढळ हवा. कारागिरांची चढाओढ थांबली, की सुधारणाही थांबते.

तेव्हा घेणाऱ्याने काय पाहावे? आपल्या रानात सोने कसे मिळते, बारीक की जाड, हे आधी पाहावे. माती किती गोंगाट करते ते पाहावे. कॉइल आपल्याच यंत्रासाठी बनवलेली आहे ना, ते विचारावे. तारेचे वेढे आणि अवरोध जुळला नाही तर यंत्र बहिरे होते. आणि शक्य तर मागून आणून एक दिवस रानात फिरवावी. चकती बुंध्यांना लागली की उगाच ओरडते का, हे दुकानात कळत नाही. इतके करूनही खड्ड्यात बहुतेक वेळा खिळे आणि बंदुकीच्या गोळ्याच निघतात, बरं का! खणण्यासाठी सरकारी परवाना लागतो, आणि खणलेला खड्डा बुजवायचा असतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. तांब्याची हातभर नळी उभी धरा आणि तिच्यातून जोरकस चुंबक सोडा. तांब्याला चुंबक चिकटत नाही, तरी तो रेंगाळत, सावकाश खाली येतो. नळीत उठलेले विजेचे भोवरे त्याला धरून ठेवतात. सोन्याचा दाणा जमिनीतून हाक देतो, ती याच भोवऱ्यांच्या जोरावर. मुलांना हे एकदा दाखवले, की फॅरडेंचा नियम पाठ करावा लागणार नाही.

आणि आपण सर्वांनी एवढे लक्षात ठेवावे : हत्यार मोठे की लहान, घरचे की बाहेरचे, हा प्रश्न नंतरचा. कामाला कोणते, हा पहिला.